दोन नंबरचं दुखणं

साखरप्यातून आंबा घाट चढताना एका ठिकाणी कापलेला कातळ अगदी अंगाशी येतो. काचा खाली असल्या की आपल्याच गाडीचा आवाज त्यावर आपटून परत कानात शिरतो. गेल्या वर्षी, २०२५ च्या एप्रिलात, दुपारी अडीचच्या उन्हात तिथंच तो खडखडाट पहिल्यांदा ऐकला. तिसरा गिअर, अडीच हजारांच्या आसपास आरपीएम, पुढं जांभ्या चिऱ्यांनी भरलेला ट्रक. तो ओलांडायला पाय दाबला आणि बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवावेत तसा आवाज आला. दोन-तीन सेकंदच. मग आवाज गेला, आणि त्याच्याबरोबर गाडीचा दमही गेला. ट्रक काही ओलांडता आला नाही.

मागं आई बसली होती, शेजारी रत्नागिरीहून घेतलेल्या चार पेट्या. "पेट्या नीट बांधल्या नाहीस तू," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. आवाज पेट्यांचा नव्हता हे मला कळलं होतं आणि घाट संपेपर्यंत मी गॅसवर पाय असा ठेवला होता की जणू पेडलखाली अंडं आहे.

गाडी २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व, दीडशे हॉर्सपॉवर. आज दीडशेचं कौतुक कुणाला नाही, पण त्या काळात आपल्या रस्त्यावर टर्बो म्हटलं की लोकांना डिझेल जीपच आठवायची. मी ती नऊ वर्षांपूर्वी तिसरा मालक म्हणून घेतली. आरसी दोनदा रिन्यू केली आहे, पर्यावरण कर भरला आहे, आणि घरात "ती गाडी आता विक" हे वाक्य सणासुदीला ठरल्यासारखं येतं.

सोमवारी एका चकचकीत गॅरेजात नेली. नाव सांगत नाही. तिथल्या पोरानं पाच मिनिटं रेस करून बघितली आणि म्हणाला, "सर, कनेक्टिंग बेअरिंग गेलंय. इंजिन उतरवावं लागेल." कागदावर आकडा लिहून दिला, एक लाख ऐंशी हजार. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. दिवसभर लोकांनी नुसत्या नजरेनं पास केलेल्या कास्टिंगना गेज लावायचं हे माझं काम. गेज न लावता दिलेला आकडा मला पचत नाही. गाडी घेऊन निघालो ते थेट उद्यमनगर.

उद्यमनगरात आमचे एक चाचा आहेत. वय सत्तरीच्या आत-बाहेर. त्यांनी माझ्या वडिलांची प्रीमियर पद्मिनीही केली होती. मला आठवतंय, चाचा ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून तो हातानं केसभर फिरवायचे, वडिलांना शेजारी बसवून चढावर गाडी न्यायचे, वाजली की उतरून पुन्हा केसभर मागं. वाजायची थांबली की बोल्ट आवळला. त्या गाडीतला नॉक सेन्सर म्हणजे चाचांचा कान.

तो कान अजून शाबूत आहे. त्यांनी लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर ब्लॉकला टेकवला, मूठ कानाला लावली आणि मला रेस द्यायला सांगितली. मग एकेका कॉइलचा प्लग काढून ऐकलं.

"बेअरिंग न्हाई हे."

"कशावरनं?"

"बेअरिंग बोलायला लागलं की ते उभ्या गाडीत पण बोलतंय. गरम तेलावर जास्त. रेस सोडताना तर हमखास. आणि ज्या सिलिंडरचं बेअरिंग गेलंय त्याचा करंट तोडला की आवाज बदलतोय. इथं काय बी बदल न्हाई. तुझी गाडी ओझं घेतल्यावरच वाजतीया न्हवं?"

ओझं घेतल्यावरच. त्यांनी ऑइल प्रेशरच्या स्विचच्या जागी गेज लावून बघितलं. तापलेल्या इंजिनावर दोन हजार आरपीएमला साडेतीन बार. बेअरिंगचा विषय तिथं संपला. एक लाख ऐंशी हजारही वाचले, पण मग वाजत काय होतं?

ज्यांना हे माहीत आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालतील. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडली की आग प्लगपासून सुरू होऊन कडेकडेनं पसरत जाते. स्फोट नसतो तो. गवताला लागलेल्या वणव्यासारखी ती पुढं सरकते. तिच्या पुढं जे न जळलेलं मिश्रण कोपऱ्यात उरतं ते दाबलं जातं, तापतं. ते फार तापलं तर आग पोचायच्या आतच सगळं एकदम आपोआप पेटतं. तो धक्का सिलिंडरच्या भिंतींत घंटेसारखा घुमतो. माझ्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८१ मिलिमीटर आहे, तेवढ्या आकारात त्या घुमण्याची वारंवारता साधारण साडेसहा-सात किलोहर्ट्झ येते. हरभरे ते हेच, यालाच नॉकिंग म्हणतात. टर्बोवाल्या इंजिनात हवा आधीच दाबून आणि तापवून कोंबलेली असते, म्हणून दुखण्याची मुळातच तयारी जास्त.

यावर जुना इलाज होता शिसं. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेडचा गुण सापडला आणि पुढची कित्येक दशकं जग शिसं मिसळलेलं पेट्रोल जाळत राहिलं. आपल्याकडं ते देशभरात बंद झालं फेब्रुवारी २००० मध्ये. दुसरा इलाज ऐकण्याचा. ब्लॉकवर कंपनं टिपणारा पिझो सेन्सर बसवायचा, त्यानं ती घंटा ऐकली की कॉम्प्युटरनं त्या सिलिंडरची ठिणगी काही अंश उशिरा टाकायची. स्वीडनच्या साब कंपनीनं १९८२ च्या सुमाराला आपल्या टर्बो गाड्यांत असा सेन्सर वापरून बूस्ट, म्हणजे टर्बोनं कोंबलेल्या हवेचा दाब, कमी-जास्त करायची व्यवस्था दिली होती. माझ्या इंजिनाला असे दोन सेन्सर आहेत, एक पहिल्या दोन सिलिंडरसाठी, एक पुढच्या दोघांसाठी. घाटात आवाजापाठोपाठ दम गेला तो यामुळंच. कॉम्प्युटरनं ठिणगी मागं खेचली होती. म्हणजे ऐकू आलं त्यापेक्षा न ऐकू आलेलं जास्त असणार, कारण बहुतेक वेळा तो आपल्या कानाआधीच आवरतो.

टपरीवर मात्र निदान तयार होतं. सगळ्यांचं एकच, ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. "त्या इथेनॉलनं वाट लावली गाड्यांची." मला हे पटवून घ्यायला आवडलं असतं, पण गणित उलटं आहे. इथेनॉलनं पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे आपोआप न पेटता दाब सोसायची ताकद, वाढतो. आपलं साधं पेट्रोल आधी ९१ चं होतं, ई-२० पंचाण्णवचं धरलंय. नॉकिंगच्या बाबतीत तो मित्र आहे. जुन्या गाडीचे रबरी पाइप, मायलेज, टाकीतला गंज यावर हवं तेवढं भांडावं, मीही भांडतो. फक्त हरभरे त्याच्या नावावर लिहू नयेत.

आता गेज. माझ्याकडं लॅपटॉपला लावायची डायग्नोस्टिक केबल आहे. या गाड्यांत मेजरिंग ब्लॉक नावाच्या आकड्यांच्या चौकटी दिसतात. त्यातली ०२० नंबरची चौकट सोन्यासारखी. चारही सिलिंडरची ठिणगी नॉकमुळं किती अंश मागं खेचली आहे ते वेगवेगळं दाखवते. कोल्हापुरात जी माणसं महागडे स्कॅनर घेऊन बसलीत ती फॉल्ट कोड वाचतात, "कोड नाही" म्हणतात आणि पाचशे रुपये घेतात. माझ्या गाडीतही कोड नव्हता. सेन्सर ठणठणीत होते आणि आपलं काम करत होते, कोड कशाचा येणार?

भाच्याला पहाटे साडेपाचला उठवला, मांडीवर लॅपटॉप दिला आणि मलकापूरच्या पुढं मोकळा चढ गाठला. तिसरा गिअर, दोन हजारांपासून पूर्ण गॅस. तो आकडे ओरडत होता आणि लॉगही सेव्ह करत होता. पहिला सिलिंडर ३ अंश, दुसरा १०.५, तिसरा ४.५, चौथा ३.

हे आकडे घेऊन मी चाचांकडं गेलो तेव्हा त्यांनी चष्मा लावून स्क्रीन बघितली आणि बोट दुसऱ्या रकान्यावर ठेवलं. "हा दोन नंबरवाला लबाड हाय."

पेट्रोल खराब असतं तर चौघेही सारखेच ओरडले असते. इंजिन तापत असतं तरी तसंच. एकटाच ओरडतोय म्हणजे दुखणं त्याच्या घरातलं. तरी खात्री म्हणून पुण्याला कामानिमित्त गेलो तेव्हा टाकी जवळपास रिकामी करून शंभर ऑक्टेनचं पेट्रोल भरलं. लिटरला दीडशेच्या वर, देताना हात थरथरला. येताना खंबाटकीत लॉग घेतला. बाकी तिघं शून्यावर आले. दोन नंबर सहा अंशांवर. शंभर ऑक्टेन पिऊनही सहा.

मग प्लग काढले. चारपैकी दोन नंबरच्या प्लगची चिनीमाती पांढरीफटक आणि तिच्यावर मिरपूड उडवल्यासारखे बारीक काळे ठिपके. ते नॉकिंगचे शिंतोडे. (इथं एक गंमत सापडली. मागच्या वेळी दुकानदारानं "सेम टू सेम" म्हणून जे प्लग दिले होते ते पाहिजे त्यापेक्षा एक पायरी गरम होते. एनजीकेच्या प्लगवर हीट रेंजचा आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉशच्या प्लगवर आकडा मोठा म्हणजे गरम. एका कंपनीचा दुसऱ्या कंपनीत तोंडी हिशेब करणाऱ्या दुकानदाराचा गोंधळ झाला असणार. माझाही झाला होता, मी डबी बघून मान डोलावली होती.) बाराशे रुपयांचा चिनी कॅमेरा प्लगच्या भोकातून आत सोडला. दोन नंबरच्या पिस्टनच्या कडेला नखाएवढा भाग सँडब्लास्ट केल्यासारखा खरबरीत झाला होता. फौंड्रीत असं दिसलं असतं तर मी कास्टिंग रिजेक्ट केलं असतं. इथं पोटात गोळा आला. कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, घेतलं: ११, १०.५, ११, ११ बार. रिंगा आणि त्यांच्या खाचा शाबूत होत्या. वेळेत आलो होतो.

कॉइल आदली-बदली केली, दोनची तीनवर. फरक शून्य. मग चाचांनी इंजेक्टरची रेल उचलली आणि दोनचा इंजेक्टर तीनवर, तीनचा दोनवर. बाकी कशाला हात नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तोच चढ, भाचा जांभया देत. पेट्रोल पुन्हा साधं.

"दोन, साडेचार. तीन, पावणेदहा."

दुखणं उठून शेजारच्या घरी गेलं होतं. मी गाडी बाजूला घेऊन एकटाच हसलो, भाच्याला वाटलं काहीतरी मोडलं.

राजारामपुरीच्या बाजूला इंजेक्टर धुणारा एक जण आहे. त्याच्या मशीनवर चार काचेच्या नळ्या, वर चार इंजेक्टर. तीस सेकंदांत तिघांनी ६२-६२ मिलिलिटर सोडलं, चौथ्यानं ५१. आणि तिघांचा फवारा धुक्यासारखा, याची मात्र एक तिरकी धार. अठरा टक्के कमी. वरवर बघता अठरा म्हणजे फार नाही. पण पूर्ण गॅसवर कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो, त्याच्या बाष्पीभवनानं आत गारवा राहावा म्हणून. मिश्रण साधारण लॅम्डा ०.८३ च्या आसपास (लॅम्डा १ म्हणजे हवेला पेट्रोल अगदी नेमकं, त्याच्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त). त्यातले अठरा टक्के काढून घ्या, दोन नंबरमध्ये बरोबर १ च्या जवळपास येतं. बाकी तिघं फेटा बांधून सावलीत आणि हा एकटा उघड्या डोक्यानं उन्हात.

कॉम्प्युटरला हे कळलं कसं नाही? कारण ऑक्सिजन सेन्सर एकच आहे आणि तो चौघांचा धूर एकत्र हुंगतो. त्याला फक्त एवढंच दिसतं की एकूणात पेट्रोल थोडं कमी पडतंय. मग तो चौघांनाही सारखंच वाढवतो. माझ्या गाडीतही त्यानं तसं वाढवलं होतं, म्हणजे तिघांना गरजेपेक्षा जास्त आणि उपाशी असलेल्याला तरीही अपुरं. सोसायटीच्या पाण्याचं बिल ज्यांनी समान वाटून भरलंय त्यांना हे वेगळं समजावायला नको.

इंजेक्टर का तुंबला यावर चाचांचं मत असं, की वीस वर्षं टाकीच्या तळाशी निवांत बसलेला कचरा नव्या पेट्रोलातल्या अल्कोहोलनं सोडवला. असेलही. पेट्रोलचा फिल्टर मी घेतल्यापासून बदललाच नव्हता, तो काढून उलटा केल्यावर जे काळं पाणी आलं ते बघून मी टपरीवरच्या मंडळींशी वाद घालायचा हक्क अर्धा सोडला.

इंजेक्टर धुतल्यावर ६१ आला. फवारा सरळ झाला. नवे ओ-रिंग, नवा फिल्टर, योग्य रेंजचे प्लग ०.८ च्या गॅपनं. मला वाटलं झालं. लॉग घेतला तर चौघेही सारखे, पण साडेतीन-चार अंशांच्या खाली कुणी येईना. चाचा म्हणाले, "आता चौघं मिळून तक्रार करायलेत. आता घरचं न्हाई, गावचं दुखणं बघ."

गावचं दुखणं इंटरकूलरमध्ये, म्हणजे टर्बोकडून आलेली तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीत, सापडलं. तो या गाडीत उजव्या चाकाच्या पुढं, बंपरच्या आड दडवलेला असतो. होस काढून वाकडा केला तर चहाचा अर्धा कप भरेल इतकं तेल निघालं. इंजिनाच्या पोटातली वाफ परत हवेच्या वाटेनं जाळायला नेणारी नळ्यांची एक जाळी असते. तिच्यात एक झडप अशी, की हवा एकाच दिशेनं जावी. ती काढून मी तोंडानं फुंकली, हवा गेली. उलटी धरून फुंकली, तरी गेली. म्हणजे बूस्ट आला की तो उलटा इंजिनाच्या पोटात घुसायचा आणि तिथून तेलाची वाफ ढकलत टर्बोच्या तोंडाशी आणायचा. इंजिन ऑइलला ऑक्टेन म्हणून काही पत नसते. पंचाण्णवचं पेट्रोल भरून त्यात आपणच तेलाचा फवारा मारत होतो. शिवाय तेलानं लिंपलेला इंटरकूलर हवा धड गार करत नव्हता.

झडप आणि तिच्या कडक होऊन तडकलेल्या होसेसचा सेट मुंबईहून मागवला, सहा दिवस लागले. इंटरकूलर रॉकेल मिळेना म्हणून डिझेलनं आणि मग साबणाच्या पाण्यानं धुवून दोन दिवस उन्हात वाळवला. हाताशी होतंच म्हणून दोन्ही नॉक सेन्सरचे बोल्ट सैल करून खालची जागा पुसली आणि टॉर्क रेंचनं २० न्यूटन-मीटरला आवळले. हे माझं खूळ नाही. तो सेन्सर कमी आवळला तर बहिरा होतो, जास्त आवळला तरी चुकीचं ऐकतो, आणि मध्ये वॉशर घालायचा नसतो. चाचांनी टॉर्क रेंचकडं बघून "आमच्या मनगटात होता तो" असं काहीतरी पुटपुटलं, पण अडवलं नाही.

शेवटचा लॉग मेच्या तिसऱ्या आठवड्यात. मुद्दाम दुपारी, साखरप्यातून वर, तोच कातळ, साध्या पेट्रोलवर. १.५, ३, २.२५, १.५. शून्य का नाही म्हणून मी खट्टू झालो होतो. पण अशा उन्हात एवढं चालतं. कॉम्प्युटर ठिणगी पुढं ढकलून बघतच असतो, थोडं वाजलं की मागं घेतो. दोन नंबर अजूनही इतरांपेक्षा थोडा चिडका आहे, त्या पिस्टनची कड खरबरीत झाली ती झालीच. ती आता मी दर सहा महिन्यांनी कॅमेऱ्यातून बघतो, डॉक्टर जुना फोटो शेजारी धरून बघतात तशी.

सगळा खर्च धरून चौदा हजारांच्या आत बसलं. त्यात पुण्याचं ते पेट्रोल धरलेलं नाही, ते मी घरी सांगितलेलंही नाही.

चाचांचे पैसे द्यायला गेलो तर त्यांनी नोटा न मोजता खिशात घातल्या आणि लॅपटॉपच्या बॅगेकडं बोट केलं. दारात एक तांबडी हॅचबॅक बॉनेट उघडून उभी होती, तीही टर्बोवाली.

"ती वायर दोन दिस ठेव की हितं. आणि त्या पोराला पण पाठव, आकडं वराडायला."

भाच्याला तिथं जाऊन आता बरेच महिने झाले. शनिवारी शनिवारी जातो. वायर अजून परत आलेली नाही.